डावा गाल

— नाही, नाही, ईश्वरप्पा, वस्तरा असा उलटा नको घालूस! आधी भिजू दे की नीट. ही काय दाढी आहे? बाभळीचं कुंपण आहे — मागं तुझ्याच वस्तऱ्याच्या धारेला दाते पडले होते, आणि तूच पेठेत सांगत फिरलास, दत्तोपंत मास्तरांच्या गालाला वस्तरा नाही, खुरपं लागतं म्हणून. घे, आणखी कढत पाणी घे. आणि घाई कर. म्हणजे — घाई नको, कापशील. सावकाश कर, पण लवकर. दुपारच्या मोटारीनं नांदेडहून जावई येतो आहे, त्याच्या आत मला माणसात यायचंय. उद्या विशाखाचं डोहाळजेवण, आमच्याच घरी. — हसलास का? नाही? बरं. आरसा वाकडा असेल तुझा.

दाढी का वाढवली, ते तुला सांगितलंच आहे. गालावर नायटा उठला, हकीमसाहेब म्हणाले, वस्तरा लावू नका. — आता काय शोधून राहिलास? गेला नायटा! औषधानं गेला. कोणते हकीमसाहेब? ते... इथले नव्हेत. उदगीरचे.

ठेव ती वाटी खाली. तुझ्यापुढं काय झाकायचं, तुझ्या बापानं माझ्या ओठावरची पहिली लव काढली आहे. बायको पोटुशी असली की नवऱ्यानं वस्तरा लावू नये, ही आमच्यातली रीत तुला काय ठाऊक नाही? पहिल्याच आठवड्यात ओळखलं असशील. मग हाव, ओळखलं, म्हण की! अख्ख्या लातुरात कुणी हाव म्हणत नाही. सगळे दाढीकडं बघतात आणि ‘प्रकृती बरी?’ विचारतात. परवा तहसीलदारसाहेब तर म्हणाले, ‘मौलाना, खैरियत?’ पुरुषाचं पोट दिसत नाही, म्हणून शास्त्रानं त्याच्या तोंडावरच डांगोरा पिटायची सोय करून ठेवली!

अरे, पंचावन्न उलटली माझी. निजाम कॉलेजात शिकलो, सरकारी मदरशात उर्दूतून सायन्स शिकवलं. बापाची दाढी वाढण्याचा आणि गर्भ वाढण्याचा काडीचा संबंध नाही, हे फळ्यावर आकृती काढून सांगू शकतो मी. म्हणजे — मला वाटतं, सांगू शकतो. पण उद्याची पंगत डोळ्यांपुढं आण. एका पाटावर जावई, दाढीवाला. शेजारच्या पाटावर सासरा, दाढीवाला. त्याची कोवळी, हरभऱ्याला मोड आल्यासारखी, आणि माझी ही केरसुणी. व्याही विचारायचे, यातले पहिलटकरणीचे यजमान कोणते? विशाखाला अजून पत्ता नाही. आईला वात झालाय म्हणून सांगितलं. — वातावर कुणी चिंचा खातं का? तेच तर! मी उमाबाईला म्हटलं होतं, लपून खा. पण माझं कोण ऐकतं.

ओढ, ओढ. आई गं! चर्र वाजलं बघ, कडबा कापल्यासारखं.

तिला सांगून आलो नाही मी. नाहीतर तुला घरीच बोलावलं नसतं? बोलणार काही नाही ती. रोज संध्याकाळी खोबरेल घेऊन बसते, या झुडपाला लावते. टोचतंय म्हणते, आणि हात काही काढत नाही. भ्यालीय रे. या वयात — दाई तोंड वाकडं करून गेली तेव्हापासून. दाढी आहे तोवर सगळं ठीक होईल, असं काहीतरी धरून बसलीय मनाशी. निव्वळ अडाणीपणा! मी बघ, मला त्याचं काही नाही. आता, सकाळी जाग आली की आधी हनुवटी चाचपतो, ती गोष्ट वेगळी. सवय.

का थांबलास? डावा गाल उतरला, आता उजवा... दारात कोण? बसायला सांग त्यांना — अरे देवा. जावईबापू! रेणुकादास, तुम्ही? दुपारची मोटार ना? सकाळचीच मिळाली? बरं झालं, बरं झालं. पण मग घरी न जाता इकडं —

काय? दाढी उतरवायला? नांदेडचे दोस्त येणार उद्या, ते हसतील? खुळे की काय तुम्ही! माझी लेक सातव्यात आहे! एवढे पदवीधर, आणि दोन महिने चार केस सांभाळवत नाहीत? ईश्वरप्पा, यांच्या गालाला वस्तरा लावलास तर याद राख! — काय म्हणालात? सायन्स? खड्ड्यात गेलं सायन्स, पोरगी माझी आहे, तिला काही झालं तर —

असं काय बघताय? साबण आहे हा. मला नायटा... नाही. नायटा नाही.

ईश्वरप्पा, पूस हे. वस्तऱ्यानं नव्हे रे बाबा, फडक्यानं! उजवी राहू दे. अर्धी तर अर्धी. हसतील ते हसतील.

उठा जावईबापू, घरी जाऊ. आणि माझ्या डाव्या अंगानं चाला, अगदी चिकटून. उमाबाई दारातच उभी असते.