पंख्याने दिलेला कौल

…आणि वर मलाच म्हणतात, शिवा, तू उगाच देवाला मध्ये आणलास! मी आणला? अहो, तुम्हाला सांगतो, विषय निवडायचे होते हो, नवरा नाही! पण नवरा निवडतानासुद्धा आमच्या ओटीवर एवढी माणसं जमत नाहीत.

तर आमची संचिता. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, तेही मेकॅनिकल, का तर बापाचं मालवणच्या बंदरावर होड्यांच्या इंजिनांचं गॅरेज. मी मनातल्या मनात पाटीसुद्धा रंगवली होती, 'शिवा आणि कन्या'. आणि वर्ष संपतंय तोवर ही म्हणते, बाबा, मी शाखा बदलतेय, इलेक्ट्रॉनिक्स घेणार, पुढे हृदयाच्या सिग्नलवर संशोधन करणार. हे खूळ आलं कुठून? तर माझी बहीण शेवंती! तिचा ईसीजी काढायला संचिता सोबत गेली होती. आता ईसीजी काढताना माणसाने गप्प पडून राहायचं असतं की नाही? आमच्या शेवंतीने अंगाला तारा लावलेल्या असताना डॉक्टरांना बांगड्याचं तिखलं कसं करायचं ते हातवाऱ्यांसकट सांगितलं! कागदावर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा. डॉक्टर वैतागले, आणि आमची पोरगी त्या कागदाकडे बघतच राहिली… की ह्या एवढ्या गोंधळातून आत्येचा खरा ठोका वेगळा काढायचा कसा? झालं! माझी पाटी तिथेच पुसली गेली.

बरं, शाखा बदलली की मागचे राहिलेले विषय भरून काढायचे. हिने निवडले सर्किट, सिग्नल आणि शरीरशास्त्र. सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं, आणि बापाची संमती हवी. बाप संमती देईना. माझे थोरले बंधू, आमचे दादा, म्हणतात, "शरीरशास्त्र? मगे डाक्टरच कित्याक नाय झाला ता?" शेजारचे म्हणतात, एखादा तरी इंजिनाचा विषय राहू दे, संसाराला उपयोगी पडतो. आमची ही, नम्रता, म्हणाली, तिचं तिला ठरवू दे. ते अर्थातच कोणी ऐकलं नाही. विषय निवडायचे होते हो, नवरा नाही! शेवटी दादा उठले आणि म्हणाले, "देवाकच इचारुया."

रविवारी सकाळी वरात निघाली देवळात. आमच्याकडे कौल लावतात तो असा, की देवाच्या पाषाणाला उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, त्यांना म्हणायचं कळे, आणि जी आधी पडेल ते देवाचं उत्तर. बाबू गुरवाने कळे लावले आणि खड्या आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा…" आणि मागून आम्ही सगळे एका सुरात,

"होय म्हाराजा!"

"ह्या तुझ्या लेकरान इंजिनाचो अभ्यास सोडून काळजाच्या ठोक्यांचो अभ्यास करूचो मनात आणल्यान हा…"

"होय म्हाराजा!"

"इंजिनच बरा म्हणत असशीत, तर उजवो कळो दी. लेकराक जावंदे म्हणत असशीत, तर डावो…"

'डावो' पुरतं तोंडातून बाहेर पडलं नाही, तोच उजवा कळा खाली! दादांनी मिशीवर हात फिरवला. मी खूश. म्हटलं पाटीला रंग आणायला हरकत नाही. आणि ही पोरगी हात जोडलेल्या अवस्थेत वर बघतेय. वर काय? पंखा! गेल्या जत्रेला मीच दिलेला, पात्यावर माझं नाव, फिरताना वाचता येत नाही ते सोडा.

"बाबूकाकानू," ती हळूच म्हणाली, "हो कौल देवान नाय दिल्यान, पंख्यान दिल्यान. तो बंद करा आणि परत लावा."

बाबू गुरव तिच्याकडे बघतोय, मग पंख्याकडे, मग माझ्याकडे. वारा नेमका उजव्या अंगालाच लागत होता हो. दादांनी गुपचूप बटण दाबलं.

परत गाऱ्हाणं. परत होय म्हाराजा. आणि आता कळा पडेचना! घामाच्या धारा, कोणी हलत नाही, शेवंतीसुद्धा गप्प… तुम्हाला सांगतो, शेवंती गप्प! मी पोरीकडे बघितलं. डोळे घट्ट मिटलेले, हात जोडलेले. लहानपणी मी होडीचं इंजिन तपासायला समुद्रात गेलो, की त्याचा आवाज ऐकू येईपर्यंत बंदरावर अशीच उभी राहायची. गेली खड्ड्यात पाटी! मीच मनात म्हणालो, देवा, डावा पाड रे.

आणि डावा पडला.

मग काय विचारता! नम्रताने पोरीला मिठी मारली, मी तिथल्या तिथे संमती देऊन टाकली, दादा म्हणाले, मला आधीपासून वाटतच होतं. पण गाव कसलं ऐकतंय? जत्रेपासून ज्यांनी ज्यांनी कौल घेतलेला, ते सगळे दुसऱ्या दिवशी देवळात हजर, आमचा परत लावा! एकाचं तर लग्न झालंय, तोही रांगेत! बाबू गुरवाने पंखा काढला आणि माझ्या दारात आणून ठेवला.

तो आता आमच्या माजघरात आहे. संचिता सुट्टीला आली की मला त्याच्याखाली पाटावर बसवते, छातीला तारा लावते, लॅपटॉपवर माझं काळीज बघते, आणि म्हणते, "बाबा, बोलू नको. आणि पंखो बंद. सिग्नलात घोळ येता." पंखा माझा, त्यावर नाव माझं, काळीजही माझंच… आणि मी घामाने निथळत गप्प! विषय निवडायचे होते हो, नवरा नाही. नवरा असता, तर त्याला बसवला असता!