मुका कुकर

बाबा : दुकानात परत देऊन टाक. मुका आहे तो. शिजलं की वाजतो म्हणालीस. महिना झाला, एकदा वाजला असेल तर शपथ.

मुलगी : दुकानदाराने माझ्यासमोर लावून दाखवला होता, बाबा.

बाबा : दुकानात सगळंच चालतं. मी इथे स्टूल टाकून त्याच्या तोंडाकडे बघत बसतो. जुना बरा होता, निदान शिट्टी तरी द्यायचा.

मुलगी : जुन्याने बटाटे छताला चिकटवले. पाणी आटलं, झडप उडाली, अन् तुम्ही पलीकडे पियानो दुरुस्त करत बसलेले. तेव्हापासून दादाने धोशा लावलाय, बाबा विसरायला लागलेत, त्यांना एकटं ठेवायचं नाही.

बाबा : वय झालं. माणूस विसरतो. म्हणून तर हे विजेचं डबडं आणलंस ना, आपलं आपण बंद होणारं? आता समोरच आहे, बघ वाजतो का.

(ओट्यावरचा कुकर पाच वेळा वाजतो. बाबा त्याच्याकडेच बघत बसलेले.)

बाबा : बघितलंस? हूं नाही की चूं नाही.

मुलगी : बाबा, आत्ता वाजला. पाचदा.

बाबा : थट्टा करू नकोस.

मुलगी : माझं बोलणं ऐकू येतंय ना?

बाबा : तुझं येतं. दारावरची थाप येते. ते बारीक, वरचं तेवढं... दोन वर्षं झाली.

मुलगी : म्हणजे त्या दिवशी तुम्ही विसरला नव्हतात?

बाबा : बटाटे लावलेत हे पक्कं डोक्यात होतं. शिट्टीचीच वाट बघत होतो. तीही ऐकू येईनाशी झालीय, हे त्या दिवशी कळलं.

मुलगी : मग दादापुढे मान का डोलावलीत? तो घराला कुलूप लावून तुम्हाला न्यायला निघालाय.

बाबा : अगं, विसराळू म्हाताऱ्याला लोक पियानो लावायला बोलावतात. चष्मा विसरला तर हसतात. बहिऱ्याला कोण बोलावेल? चाळीस वर्षं याच कानांवर आपलं घर चाललं.

मुलगी : आणि वरचे सूर? ते कसे लावता?

बाबा : हाताच्या सवयीने. किल्ली किती फिरवायची ते मनगटाला कळतं. कळायचं. परवा संगीतशाळेच्या बाईंनी परत बोलावलं. म्हणाल्या, वरच्या पट्ट्या उतरल्यात. मी म्हटलं, तेवढ्या लावायच्या विसरलो.

मुलगी : कधी जायचंय?

बाबा : उद्या. कसा जाऊ, तेच कळत नाही.

मुलगी : आधी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ. मग बाईंकडे. खरं तेच सांगायचं. दादाशी मी बोलते.

बाबा : पियानो लावायचे राहिले, आता कुकरही लावता येईना.

मुलगी : जेवून घ्या. बटाटे गार होतील.

बाबा : थांब. कसा वाजतो गं तो?

मुलगी : फार बारीक. माझ्या गळ्यातून निघायचा नाही तो आवाज.

बाबा : मग खालच्या पट्टीत म्हण. मला ऐकू येईल असा.