आमेन, जरा मोठ्यानं

सून: पण का?

सासू: का म्हणजे? जायचंय म्हणून महिनाभर तोंड पाडून फिरत होतीस. आता जा म्हटलं तर का?

सून: परवापर्यंत तुमचं म्हणणं होतं, लग्न झालेल्या नर्सला परगावी वर्षाचं ट्रेनिंग कशाला, इथले पेशंट काय वाईट आहेत. आज एकदम जा. ताई येतायत का राहायला? आमची खोली हवी असेल तर सरळ सांगा.

सासू: तिला तिच्या सासूनं सोडायला हवं ना.

सून: मग ह्यांनी काही सांगितलं?

सासू: तो काय सांगणार? 'आई म्हणेल तसं' याच्या पुढचं वाक्य त्याला शिकवायचं माझ्याकडून राहूनच गेलं.

सून: तुम्ही हसताय. म्हणजे नक्की काहीतरी आहे.

सासू: बायबलच्या वर्गात पौलानं गलतीकरांना लिहिलेलं पत्र चाललंय. पौल म्हणतो, ख्रिस्तानं तुमची सुटका केलीय, आता पुन्हा जुवाखाली मान देऊ नका. मला फार पटलं. आमेन म्हटलं, जरा मोठ्यानं.

सून: ते तुम्ही नेहमीच म्हणता.

सासू: या वेळी मागच्या बाकावरून शिंपीणबाईंनी विचारलं, मग सुनेला पाठवताय ना? सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला.

सून: म्हणजे लाजेखातर.

सासू: लाजेखातरच. पाळकसाहेबांना विचारलं, ही सुटका सुनांनाही लागू आहे का? त्यांनी आपल्या बायकोकडे पाहिलं आणि समारोपाची प्रार्थना सुरू केली.

सून: सुटलात की मग.

सासू: सुटले कुठली? दारात गाठलं त्यांना. म्हटलं, पौल पुढे असंही म्हणतो की स्वातंत्र्य मिळालंय ते प्रीतीनं सेवा करायला. मग ती इथं राहूनच करेल की माझी. तर म्हणाले, बाई, तिथं 'एकमेकांची' असं लिहिलंय.

सून: आई, एक विचारू? तिथं गेल्यावर मला परत यावंसंच वाटलं नाही तर?

सासू: तेही विचारलं.

सून: काय म्हणाले?

सासू: परत येण्याच्या बोलीवर सोडलं तर त्याला सोडणं म्हणत नाहीत. मला काही आवडलं नाही हे उत्तर.

सून: मग हो कशाला म्हणताय?

सासू: आवडलं नाही, पण खोडताही येईना. माळ्यावरून तुझी बॅग काढलीय. पलंगावर आहे.

सून: मी आठवडाभर विचार करते. तुमचं काही सांगता येत नाही.

सासू: आठवडा नको. आजच भर. उद्याचा माझा मलाच भरवसा नाही.