विठोबाला बेसन

अस्मी : “‘पोरीला उन्हात सोडू नकोस, छाया. आहे त्याहून काळी होईल.’ आजी फोनवर अशीच म्हणायची ना? सेम टोनमध्ये?”

छाया : “आजीची नक्कल नंतर कर. आधी सांग, देव्हाऱ्यातल्या विठोबाला बेसन कुणी फासलं?”

अस्मी : “मीच. साय पण घातली. फिफ्टीन मिनिट्स ठेवायचं, मग चोळून काढायचं. तू मला रोज करतेस तसंच.”

छाया : “अगं, पण का?”

अस्मी : “बाकीचे गॉड्स पितळेचे आहेत, शायनी. ही इज द ओन्ली ब्लॅक वन. मला वाटलं, त्याला वाईट वाटत असेल.”

छाया : “त्याला कशाला वाईट वाटेल, बाळा? विठोबा सावळाच असतो. त्याचं रूपच ते. तुझे पपा नोकरीसाठी तिकडे रुवैसला, म्हणून त्याला रोज न्हाऊ मीच घालते. कधी रंग काढायला गेले का त्याचा?”

अस्मी : “तो सावळा. आणि मी काळी. बघ, त्याच्या शेजारी हात धरते. सेम तर आहे, आई.”

छाया : “दूध निवतंय. पिऊन घे. बस येईल आता.”

अस्मी : “तू भात का सोडलास?”

छाया : “व्रत आहे एक.”

अस्मी : “मला आधी डाएट वाटलं. पण एकादशीला तू त्याला हळूच सांगत होतीस, हिचा रंग उजळू दे, तोवर भाताला शिवणार नाही. आय वॉज बिहाइंड द कर्टन.”

छाया : “तुझ्यासाठीच गं ते. लहानपणी आम्हा बहिणींचा फोटो काढायचा झाला की कॅमेरा माझ्या हातात द्यायचे. छाया छान काढते, म्हणायचे. अख्ख्या अल्बममध्ये मी कुठे नाही. तुझं तसं होऊ नये, एवढंच मागत होते.”

अस्मी : “पण मी पण कुठे नसते. स्विमिंगच्या पीरियडला लायब्ररीत एकटी बसते. तू सरांना चिठ्ठी दिलीस ना, उन्हाची अ‍ॅलर्जी आहे म्हणून. झाराचे बाबा सुदानचे आहेत, ती माझ्याहून डार्क आहे, आणि सगळ्यात फास्ट पोहते. तिची मम्मा जाळीबाहेरून टाळ्या वाजवते. मला खिडकीतून ऐकू येतं. आई, मला खरंच अ‍ॅलर्जी आहे?”

छाया : “नाही.”

अस्मी : “मग?”

छाया : “मी खोटं लिहिलं. दोन वेळा देवापुढे बसणारी मी, आणि तुझ्या नावाने खोटं लिहिलं.”

अस्मी : “नवस कॅन्सल करता येतो?”

छाया : “त्याला सांगेन, माझं मागणंच चुकलं. रागावला तर माझ्यावर रागावेल. आज आहे का तुमचं पोहणं?”

अस्मी : “सेकंड पीरियड. पण चिठ्ठी आहे, तोवर सर पाण्यात जाऊ देणार नाहीत.”

छाया : “मी येते त्यांना सांगायला.”

अस्मी : “इन्शाल्लावालं, बघू-बघूवालं येते, की खरंच येते?”

छाया : “खरंच. शब्द दिला. बसवाल्या अंकलना खाली सांगू, आज ऊद मेथाला, शाळेत मीच सोडते. पोहायचा ड्रेस खालच्या कप्प्यात आहे. लेबल काढून घे.”

(छाया पायांत चपला सरकवते.)

अस्मी : “सर तुला ओरडले तर?”

छाया : “ओरडू देत. तोवर तू पाण्यात उतरलेली असशील.”