पट्टीने जोडलेले बिंदू

माझ्या लेकीच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण फरशीवर पडून खणखणलं आणि दातांच्या दवाखान्यातली शांतता मोडली. समोरच्या बाकावरच्या बाईंना जणू तेवढंच निमित्त हवं होतं. त्या शेजारच्या वयस्क सरांकडे वळल्या.

“सर, त्या पोरीला शून्य?”

“मॅडम, शाळेत झालं ना बोलून? माझी दाढ ठणकतेय हो.”

“ठणकू दे. एक्स गुणिले एक्स, म्हणजे एक्सच्या वर्गाचा आलेख तिने हाताने गोल वळवून काढला. बरोबर काढला!”

“नमुना उत्तरात बिंदू पट्टीने जोडलेत.”

“म्हणून तर वळणाच्या जागी टोक आलंय! शून्याला शून्य, एकाला एक. मधे अर्धा घेतला तर वर्ग पाव यायला हवा. तुमच्या पट्टीच्या रेघेवर अर्धाच येतो. पोरीने तो बिंदूसुद्धा मांडून दाखवलाय.”

“नमुना उत्तर कोणी तयार केलं, माहितेय ना?”

“तुम्ही. म्हणूनच तुमच्याशी भांडतेय.”

“आता बदललं तर सगळ्या वर्गाचे पेपर पुन्हा तपासायचे?”

“मी तपासते, एकटी. ती गणित सोडते म्हणतेय, सर!”

“पुढच्या वर्षीपासून सुधारू.”

“पुढच्या वर्षी ती माझ्या वर्गात असेल का?”

तेवढ्यात सरांना आत बोलावलं. गाल धरून, सुटल्यासारखे ते उठले. बाई बंद दाराकडे बघत राहिल्या.

इतका वेळ कान देऊन ऐकणारी माझी लेक मांडीवर चढली आणि कुजबुजली, “आई, बरोबर काढलं तरी शून्य देतात?”