पिकअपची कंबर

मोठ्या बाबांनी पिकअपला आभाळ कसं दाखवलं, ते सांगितलं का तुम्हाला? मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. बोंडअळीनं निम्मा कापूस खाल्ला, त्या वर्षीची गोष्ट. उरलेला कापूस गेट बंद व्हायच्या आत घाटंजीच्या जिनिंग कारखान्याला पोचवायचा होता. पिकअपमागे दोन चाकांची ट्रॉली जोडली, आणि यांनी सगळी गठोडी ट्रॉलीच्या पुढच्या टोकाला रचायला लावली.

"मोठे बाबा, वजन ट्रॉलीच्या चाकावर येऊ द्या. पिकअप मांगून बसून राह्यली."

"मांगं भरलं तं बंडी उलार होते. जू वर जाते, बैलाले फास बसते. कॉलेज अर्धं सोडलं अन् मले शिकवतं?"

"बैल कुठी हाय?"

आमच्याकडे म्हाताऱ्यांचं बरोबरच असतं, गाडी उलटेपर्यंत. निघालो. पिकअपचं बूड खाली, तोंड वर. काचेत रस्ता कमी, आभाळच जास्त, आणि त्यात उडणारे कापसाचे पुंजके. स्टिअरिंग इतकं हलकं, की ढगातून चाललोय असं वाटलं. खरं सांगतो, बरं वाटलं.

मग वळण आलं. मी स्टिअरिंग फिरवलं, गाडी सरळच गेली आणि शेताच्या बांधाला, धुऱ्याला टेकून थांबली.

उतरलो, निम्मी गठोडी मागे सरकवली. पिकअपचं तोंड खाली आलं.

मोठ्या बाबांनी तिच्या मागच्या फाळक्यावर हात फिरवला, बैलावर फिरवावा तसा. "लय भार टाकला वं माय तुह्या कमरेवर."

गाडीची माफी मागितली. माझी अजून मागायची आहे.