यादीतलं शेवटचं नाव

धाकटा: नाही नाही, ताई, थांब, आधी माझं ऐक तर! चार वाजता साहेब येतायत, ते पैसे गुंतवणारे, आणि त्यांना माझं नि चष्मिशचं वर्गणीचं ॲप इतकं आवडलंय, इतकं आवडलंय, की म्हणाले, पहिल्यांदा कुठे वापरलंत ते सांगा. मी छाती फुगवून सांगितलं, माझ्या सख्ख्या बहिणीच्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत! बारा बायका, एका आठवड्यात वर्गणी पूर्ण!

ताई: बारा नाही, अकरा. मावशी तीन दिवस कामावर आलेली नाही.

चष्मिश: बरं नाही का त्यांना?

ताई: तुम्हा दोघांच्या कृपेने बरं नाही. फोन उचलत नाही. काल दारात गेले, तर आतूनच म्हणाली, "जा तू, मी झोपलेय."

धाकटा: आमचा काय संबंध? सुपरवायझर बाई रिटायर होणार, त्यांना आरामखुर्ची द्यायची, तुम्ही मैत्रिणींनी पैसे काढले. ॲपने नुसते गोळा केले!

ताई: हे वाच. मोठ्याने.

धाकटा: (ताईचा फोन घेऊन) "मावशी, यादीत तुमचा नंबर शेवटचा! मैत्रिणींसाठी अजून थोडं वाढवताय ना?" ...पुढे हसरा चेहरा.

ताई: बाराही जणींच्या फोनवर एकदम वाजलं हे. ओल्या चादरी हातात घेऊन सगळ्या वाचत उभ्या. कुणी लिहिलंय?

धाकटा: मी. पण प्रेमाने लिहिलं होतं गं!

ताई: चुलीत घाल तुझं प्रेम. जमले तेवढे टाकले होते तिने. आणि यादीत सगळ्यांत वर कोण, तर इस्त्रीवाली. तिच्या डोक्यावर मुकुट!

चष्मिश: मुकुट माझा. म्हणजे, कल्पना माझी. ताई, रागावू नका, पण कुणी किती दिले ती यादी सगळ्यांना दिसली की लोक जवळजवळ दुप्पट भरतात. साहेब त्या यादीवरच खूश आहेत.

ताई: भरतील नाहीतर काय! चारचौघांत नाक कापून घ्यायची हौस असते का कुणाला? तुमच्या आधी आमच्याकडे साबणाचा रिकामा डबा होता. झाकणाला मूठ जाईल एवढं भोक. जेवणाच्या सुट्टीत फिरायचा. मूठ आत घालायची, उघडायची, हात बाहेर काढायचा. झालं.

चष्मिश: आणि एखादीकडे काहीच नसलं तर?

ताई: तरी मूठ घालायचीच.

धाकटा: अय्यो! मग रिकामी मूठ कोण घालायचं?

ताई: मला काय माहीत? सोळा वर्षं काढली तिथे, अजून माहीत नाही.

धाकटा: ...मग आपणही तेच करू! ऐक ना, चष्मिश, नुसती बेरीज दाखवायची. खाली सगळ्यांची नावं, सगळ्यांपुढे सारखीच खूण. बटण दाबलं की खूण. शून्य टाकलं तरी खूण!

चष्मिश: शून्याला खूण? साहेब उठून जातील. पुढच्या महिन्याचं या खोलीचं भाडं कुठून देणार? कपडे विकू का माझे?

ताई: ते कोण घेणार?

चष्मिश: चेष्टा नाही ताई. दीड वर्ष घातलंय यात.

ताई: मलाही चेष्टा सुचत नाहीये. सोमवारी खुर्ची द्यायची आहे आणि मावशीशिवाय मी तिला हात लावणार नाही. तुमचं साहेबांचं तुम्ही बघा.

धाकटा: मग काय करायचं, चष्मिश?

चष्मिश: कॉलेजात आपली समुद्रावर सहल गेली होती.

धाकटा: तिचं काय आता? तू आलाच नव्हतास. ताप होता तुला.

चष्मिश: ताप नव्हता.

धाकटा: म्हणजे? अरे, मग मला सांगायचंस की! वर्गणीचा कागद तर मीच फिरवत होतो!

चष्मिश: हो. नावापुढे आकडा लिहायचा होता. सरक जरा, लॅपटॉप इकडे दे, ती यादी काढतो. साहेबांशी मी बोलतो. तू ताईंबरोबर मावशींकडे जा.